भावी सुखाचा वटाव

दुष्काळी वर्षात शेतकऱ्याच्या कणगीत पेरणीपुरते बियाणे उरलेले असते. ते दळून खाल्ले तर मुलांची आजची भूक भागते. राखून पेरले तर पुढील हंगाम साधतो. उद्याच्या सुखासाठी आजचे किती सुख सोडावे, हा अर्थशास्त्रातील बिकट प्रश्न त्या कणगीपाशीच उभा राहतो.

मुदतीपूर्वी हुंडी वटविताना सावकार काही रक्कम कापून घेतो. तिला वटाव म्हणतात. मनुष्य भावी सुखालाही असाच वटाव लावीत असतो. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये हा एक दृष्टिदोष मानला. दूरची वस्तू लहान दिसते, म्हणून ती लहान असते असे नव्हे. फ्रँक रॅम्झी यांनी वयाच्या पंचविशीत, १९२८ साली, राष्ट्राने किती बचत करावी याचे गणित मांडले. आणि केवळ उशिरा येते म्हणून भावी सुख कमी लेखणे नीतीला धरून नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले.

तथापि सर्वच वटाव अन्याय्य नव्हे. भुकेने बियाणे खाणाऱ्याला अदूरदर्शी कसे म्हणावे? हंगाम पाहण्यासाठी त्याला आधी जगले पाहिजे. शिवाय पुढील पिढी अधिक संपन्न होणार असेल, तर तिच्या हाती पडणाऱ्या रुपयाचे मोल आजच्या गरिबाच्या रुपयाहून कमीच ठरते. वाद आहे तो निव्वळ विलंबापोटी लावलेल्या वटावाचा.

दरातील फरक किरकोळ भासतो, परंतु काळ लांबला की तो प्रचंड होतो. १०० वर्षांनी होणारी १ लाख रुपयांची हानी टाळण्यासाठी आज किती खर्च करणे योग्य? दर शेकडा ५ धरल्यास उत्तर सुमारे ७६० रुपये येते, शेकडा १.४ धरल्यास जवळजवळ २५,००० रुपये.

हवामान-बदलाच्या प्रश्नावर हाच भेद पुढे आला. ब्रिटिश सरकारसाठी २००६ मध्ये तयार केलेल्या अहवालात निकोलस स्टर्न यांनी विलंबापोटीचा वटाव वर्षाला शेकडा ०.१ इतकाच धरला आणि त्वरित मोठ्या खर्चाची शिफारस केली. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाऊस यांचा आक्षेप असा की, लोकांच्या प्रत्यक्ष व्यवहारात व बाजारातील परताव्यात दिसणारा दर याहून पुष्कळ अधिक आहे; म्हणून उपाय क्रमाक्रमाने वाढवावेत. गणित दोघांचेही बिनचूक होते. मात्र ज्या बाजाराचा दाखला नॉर्डहाऊस देतात, त्यात अद्याप न जन्मलेल्यांना आपली बोली लावता येत नाही.