एमपीएससीची पाच वर्षं रेझ्युमेत कुठे लिहायची?

पदवी २०१९ ची. त्याखाली थेट एक्सेलचा कोर्स, २०२४ चा. मधे काहीच नाही.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून बाहेर पडून खासगी नोकरी शोधायला निघालेल्या कित्येकांचा रेझ्युमे असाच दिसतो. मधली वर्षं राज्यसेवा, कम्बाईन, पुन्हा राज्यसेवा अशी गेलेली असतात. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं असल्याने 'अजून एक अटेम्प्ट' म्हणत थांबणंही सोपं जातं. मग कधीतरी घरचे पैसे थांबतात किंवा धीर संपतो आणि रेझ्युमे लिहायची वेळ येते. तेव्हा पहिला प्रश्न पडतो, ही वर्षं दाखवायची की लपवायची?

लपवायची नाहीत. का, ते समजण्यासाठी रेझ्युमे वाचला कसा जातो ते आधी पाहू.

आधी सॉफ्टवेअर, मग माणूस

मोठ्या कंपन्यांमध्ये आलेला रेझ्युमे आधी 'अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. हे सॉफ्टवेअर त्यातून नाव, शिक्षण, कामाची वर्षं आणि कौशल्यं वेगळी काढतं. एचआरमधली व्यक्ती त्यात 'टॅली', 'जीएसटी' असे शब्द टाकून शोधते. तुमच्या रेझ्युमेत तो शब्दच नसेल, तर काम येत असूनही तुम्ही यादीत दिसत नाही. म्हणून जाहिरातीत जो शब्द वापरलाय, तोच आपल्याही रेझ्युमेत असावा. अर्थात ते काम खरंच येत असेल तर.

त्यानंतर माणूस वाचतो, तेही घाईत. 'द लॅडर्स' या अमेरिकन करिअर साइटने २०१८ मध्ये नोकरभरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद मिळत होते. एवढ्या वेळात नजर पदांवर आणि तारखांवरच फिरते. तिथे पाच वर्षांची पोकळी दिसली, की वाचणारा ती आपल्या अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज सहसा उमेदवाराच्या बाजूचा नसतो.

मग लिहायचं काय?

कामाचा अनुभव जिथे येतो, तिथेच एक सरळ नोंद: 'जुलै २०१९ ते मार्च २०२४, स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी (एमपीएससी).' खाली एका ओळीत निकाल. पूर्वपरीक्षा दोनदा पास झाला असाल, मुख्य परीक्षा दिली असेल, मुलाखतीपर्यंत पोहोचला असाल, तर वर्षासकट लिहा. निकाल काहीच नसेल तर नोंद तेवढ्यावर थांबवा. 'चिकाटी शिकलो', 'वेळेचं नियोजन आत्मसात केलं' अशी वाक्यं टाळलेली बरी. ती प्रत्येक जण लिहितो.

पोकळी बुजवायला मित्राच्या फर्ममधला खोटा अनुभव दाखवणं हा प्रकारही चालतो. तो महागात पडतो. बऱ्याच कंपन्या नेमणुकीआधी किंवा लगेच नंतर पार्श्वभूमीची पडताळणी करतात. जुन्या कंपनीकडून पगाराच्या स्लिपा आणि पीएफची नोंद मागितली जाते. खोटं पकडलं गेलं, तर मिळालेली नोकरीही जाते.

पण खरी मेख वेगळीच आहे. या पाच वर्षांत अनेकांनी कामं केलेली असतात, फक्त ती 'काम' म्हणून मोजलेली नसतात. कुणी अभ्यासिकेचं काउंटर सांभाळून फी भरून घेतलेली असते, कुणी क्लासमध्ये टेस्ट सिरीजचे पेपर तपासलेले असतात, कुणी सुट्टीत गावी कृषी सेवा केंद्राची बिलं केलेली असतात. समजा, बी. कॉम. झालेल्या एका मुलाने 'मेहनती, टीममध्ये काम करण्याची आवड, टॅलीचं ज्ञान' असं लिहिलं. त्याऐवजी 'कृषी सेवा केंद्रात दोन खरीप हंगाम रोजची ४० ते ५० बिलं टॅलीत नोंदवली, जीएसटी रिटर्नसाठी महिन्याच्या विक्रीची यादी तयार केली' हे लिहिलं, तर अकाउंट असिस्टंट शोधणाऱ्याला त्यात आपलं काम दिसतं.

एमएस-सीआयटीचंही तसंच. सरकारी अर्जात ते प्रमाणपत्र लागतं. खासगी कंपनीला मात्र एक्सेलमध्ये काय येतं ते हवं असतं: व्ही-लूकअप, पिव्हट टेबल. मराठी टायपिंगची परीक्षा पास असाल तर ते वेगासकट जरूर लिहा.

लग्नाचा बायोडेटा नव्हे

आपल्याकडे लग्न आणि नोकरी या दोन्हींसाठी 'बायोडेटा' हाच शब्द चालतो. त्यामुळेच की काय, सायबर कॅफेतल्या फॉरमॅटमध्ये वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती असं सगळं असतं. खासगी नोकरीच्या रेझ्युमेत यातलं काहीच लागत नाही. शिवाय ते नुकसानही करू शकतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले गेले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. आडनाव बदलता येत नाही, पण जात-धर्माचा रकाना स्वतःहून भरून देण्याचं कारण नाही.

वाचलेली जागा कामाला द्या. एक पान पुरे. फोटो नको, दोन रकान्यांची रंगीत रचना नको, कारण सॉफ्टवेअर त्यात गोंधळतं. मराठी माध्यमांत किंवा अनुवादाच्या कामासाठी मराठीत रेझ्युमे देत असाल तर तो युनिकोडमध्येच टाइप करा. कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर निव्वळ खुणांचा ढीग दिसतो.

यूपीएससी देणाऱ्यांसाठी एक जास्तीची सोय आहे. सगळे टप्पे पार करूनही अंतिम यादीत न आलेल्यांची माहिती त्यांच्या संमतीने 'प्रतिभा सेतू' पोर्टलवर कंपन्यांना पाहता येते.

शेवटची तारीख विसरू नका

वर सुचवलेल्या नोंदीत 'मार्च २०२४' आहे, 'आजपर्यंत' नाही. कंपनीला पाच वर्षांपेक्षा जास्त भीती वाटते ती पुढच्या जाहिरातीची: हा सहा महिन्यांत परीक्षेसाठी नोकरी सोडेल का? तयारी थांबवली असेल तर तारखेतून ते दिसू द्या. एखादा निकाल अजून यायचा असेल, तर रेझ्युमेत लिहायची गरज नाही. मुलाखतीत विचारलं तर मात्र निकालाचा अपेक्षित महिना आणि निवड झाल्यास नोटीस पीरियड पूर्ण करण्याची तयारी, दोन्ही स्पष्ट सांगा.