एकराचे घर आणि खारपाणाचा हिशेब

तुकडेबंदीच्या कायद्याला मुरड घालून १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचे सरकारने ठरविले, हे वृत्त आता शिळे झाले. परंतु अमरावतीजवळ बडनेऱ्याच्या वा रहाटगावच्या पलीकडे किंवा अकोल्याच्या वाढीव हद्दीबाहेर एखादा एकर वावर घेऊन त्यात निवृत्तीचे घर बांधण्याचे मनोरथ जे गृहस्थ त्या वृत्ताच्या भरवशावर रचीत आहेत, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की ही मेहेरनजर गुंठ्यांवर झाली आहे, एकरावर नव्हे.

एकरावरच्या घराचा कारभार १९६६च्या जमीन महसूल संहितेच्या ४१व्या कलमाने चालतो. शहराच्या परिघात ०.४० हेक्टरहून, म्हणजे जवळजवळ एकराहून, लहान वावरात शेतघराला परवानगी मिळत नाही. मिळालीच तर घर एकच, जोते साधारण १५० चौरस मीटरचे आणि वर फार तर एक मजला. शिवाय १९५८च्या विदर्भ कुळवहिवाट कायद्याचे ८९वे कलम बिगरशेतकऱ्याला वावराचे खरेदीखत सहजासहजी करू देत नाही. दप्तराची ही वाट बिकट खरी, पण चिकाटीच्या माणसाला ती सापडते. खरी अडचण दप्तराबाहेर, धुऱ्याच्या आत आहे.

वऱ्हाडची काळी माती कपाशीला जितकी अनुकूल तितकीच भिंतीला प्रतिकूल. वैशाखात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आषाढात तीच पाणी पिऊन फुगते, आणि या आकुंचन-प्रसरणात उथळ पायाचे घर दोन-तीन पावसाळ्यांतच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडकू लागते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खोल खांबांचा जो पाया विकसित केला, त्यात प्रत्येक खांबाच्या तळाशी कांद्यासारखा फुगवटा ठेवतात आणि जेथे ऋतुमानाने माती हालत नाही अशा सुमारे साडेतीन मीटर खोलीवर घराचा भार टेकवितात. उपाय उत्तम आहे. मात्र फार्म हाऊसच्या अंदाजपत्रकात त्याची रक्कम आधीच धरावी लागते, कारण भेगा पडल्यानंतर तो नव्याने करणे अतोनात महाग पडते.

पाण्याला मात्र असा उपाय नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, भातकुली-दर्यापूरपासून अकोटपर्यंत आणि पुढे बुलढाण्यात, पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बोअरला भरपूर पाणी लागले तरी तोंडात घेताच ते थुंकावे लागते. अमरावती ऊर्ध्व वर्धेचे आणि अकोला काटेपूर्णेचे पाणी पिते. या शहरांची नळवाहिनी जेथे थांबते, तेथून पुढे एकराचा मालक टँकरचा ताबेदार होतो. ज्या संत्र्यांच्या छायेत बसण्याची कल्पना असते, त्या झाडांनाही क्षार सोसत नाहीत. वरूड-मोर्शीच्या बागा या पट्ट्याबाहेर आहेत, हे विसरून चालत नाही.

म्हणून खरेदीदाराने सात-बारा, फेरफार आणि पांदणीची वहिवाट यांच्याबरोबर विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेतील चाचणीही मागावी, आणि शेजारच्या वावरात घर असेल तर त्याच्या भिंती दिवाळीनंतर निरखून पाहाव्यात. सरकारला नियमिततेची एवढी हौस असेल, तर खारपाणपट्ट्यातील प्रत्येक लेआऊटच्या मंजुरीला भूजलाचा दाखला सक्तीने जोडावा. मुद्रांकाचे शुल्क एक वेळ माफ करता येते. पाण्यातला क्षार माफ करण्याचा अधिकार कोणत्याही मंत्र्याकडे नाही.