जुन्या स्पेक्ट्रमचे प्रोग्राम आजच्या बेसिकमध्ये आणताना

ठाणे, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण. ही पाच नावे साठवायची, त्यातले एखादे नाव टाइप केले की ते कितवे स्थानक ते सांगायचे आणि 'दिवा' लिहिले की 'पनवेलच्या गाडीसाठी इथे उतरा' असे दाखवायचे. घरी संगणक असलेल्या शाळकरी मुलाला १९८६ मध्ये असा प्रोग्राम पंचवीस-तीस ओळींत लिहिता येत होता. त्या काळातले असे घरगुती प्रोग्राम कॅसेटींवर आणि वह्यांमध्ये पडून आहेत. ते आजच्या संगणकावर चालवता येतात, आणि चालवायलाच हवेत. एका पिढीने संगणकाशी पहिल्यांदा जे बोलून पाहिले ते त्यांत आहे.

आज्ञांची नावे बदलणे हे या कामातले सोपे अंग. अवघड असते ते जुन्या यंत्राच्या सवयी ओळखणे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्या गृहीत धरलेल्या असतात आणि ओळींमध्ये त्यांचा उल्लेखही नसतो. हा लेख मुख्यतः त्या सवयींविषयी आहे. वरचा स्थानकांचा प्रोग्राम नमुना म्हणून सोबत ठेवू. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत.

आपल्याकडची यंत्रे

बेसिक ही भाषा जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तयार केली. घरगुती संगणक आले तसा प्रत्येक कंपनीने तिचा आपापला अवतार काढला. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यातले दोन महत्त्वाचे.

पहिला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमचा. इंग्लंडमध्ये हे यंत्र १९८२ मध्ये आले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये त्याच्या 'स्पेक्ट्रम प्लस' या रूपाची परवाना घेतलेली भारतीय आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने बाजारात आणली. ४८ केबी रॅम, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला कॅसेट रेकॉर्डर.

दुसरा बीबीसी मायक्रोचा. केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून १९८४ पासून देशभरातल्या निवडक शाळांना हे संगणक मिळू लागले. त्याची बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिली होती आणि ती सिंक्लेअरच्या बेसिकपेक्षा बरीच नीटस होती. मात्र घरी बसून हौसेने लिहिलेले प्रोग्राम स्पेक्ट्रमवरचे असण्याची शक्यता जास्त. म्हणून पुढचे सगळे स्पेक्ट्रमविषयी.

आधी कॅसेट सोडवा

कॅसेट असेल तर घाई करू नये. आपल्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, रेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल पडतो. पट्टा बदललेल्या, हेड स्वच्छ केलेल्या रेकॉर्डरवर फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, मगच वाजवावी. आवाज संगणकावर ध्वनिफाइल म्हणून उतरवून घ्यावा आणि ती मूळ फाइल कधीही पुसू नये.

त्या आवाजातून प्रोग्राम काढण्याची साधने मोफत मिळतात. 'फ्यूज' हा स्पेक्ट्रमचा इम्युलेटर आहे. त्याच्या जोडसंचातले एक साधन ध्वनिफाइलची टेप-फाइल करते, दुसरे तिच्यातला बेसिक प्रोग्राम वाचता येईल अशा ओळींत छापते. हे दुसरे साधन लागतेच, कारण स्पेक्ट्रम आज्ञा अक्षरांत साठवत नाही. 'प्रिंट' हा पूर्ण शब्द त्याच्या मेमरीत फक्त २४५ हा एक आकडा असतो. टेपवरच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तपासणी-आकडाही असतो. तो जुळला नाही तर तेवढाच तुकडा, रेकॉर्डरच्या हेडचा कोन किंचित बदलून, पुन्हा वाजवून पाहावा.

कुठल्या बेसिकमध्ये न्यायचे

आज दोन पर्याय चांगले आहेत. शाळेत जीडब्ल्यू-बेसिक किंवा क्यूबेसिक शिकलेल्यांना 'क्यूबी ६४' ओळखीची वाटेल. माझी पसंती मात्र रिचर्ड रसेल यांच्या बीबीसी बेसिकला. ती विंडोज, लिनक्स, मॅक आणि मोबाइलवरही चालते, ओळींचे क्रमांक स्वीकारते आणि चित्राचा आरंभबिंदू स्पेक्ट्रमसारखाच खालच्या डाव्या कोपऱ्यात मानते. क्यूबी ६४ मध्ये तो वरच्या डाव्या कोपऱ्यात असल्याने सगळी चित्रे उलटी होतात आणि प्रत्येक उभा आकडा वजा करून घ्यावा लागतो.

सारख्या आज्ञांचे धोके

नवी बेसिक जी आज्ञा ओळखत नाही ती अडते आणि आपण दुरुस्त करतो. खरा धोका ओळखीच्या आज्ञांचा, कारण त्या न अडता चालतात.

'ड्रॉ ५०,०' म्हणजे स्पेक्ट्रमवर 'आहात तिथून ५० ठिपके उजवीकडे रेघ ओढा'. बीबीसी बेसिकमध्ये त्याच आज्ञेचा अर्थ '५०,० या बिंदूपर्यंत रेघ ओढा'. तिथे 'ड्रॉ बाय' वापरावे लागते. 'आरएनडी' स्पेक्ट्रमवर शून्य ते एक यांमधला अपूर्णांक देते. बीबीसी बेसिकमध्ये नुसते 'आरएनडी' लिहिले तर प्रचंड मोठा पूर्णांक येतो, अपूर्णांक हवा असेल तर कंसात १ लिहायचा. 'प्रिंट अ‍ॅट १०,५' मध्ये आधी ओळ, मग रकाना. बीबीसीच्या 'टॅब' मध्ये आधी रकाना, मग ओळ, म्हणून ते 'टॅब(५,१०)' होते. 'व्हॅल' स्पेक्ट्रमवर पूर्ण गणित सोडवते: अवतरणात २+३ दिले तर उत्तर ५. इतर बहुतेक बेसिकमध्ये उत्तर २ येते, कारण वाचन बेरजेच्या चिन्हापाशी थांबते. बीबीसीत त्यासाठी 'इव्हॅल' आहे.

खरे म्हणजे १, की वजा १?

खेळांच्या प्रोग्रामांना सर्वांत जास्त फसवणारी जागा ही. डावी-उजवी हालचाल करण्यासाठी स्पेक्ट्रमवर ही ओळ नेहमी दिसते:

लेट एक्स = एक्स + (इनकी$ = "पी") − (इनकी$ = "ओ")

कंसातले विधान खरे असेल तर स्पेक्ट्रम त्याची किंमत १ धरतो, खोटे असेल तर ०. म्हणून 'पी' दाबले की उजवीकडे, 'ओ' दाबले की डावीकडे. बीबीसी आणि मायक्रोसॉफ्टच्या कुळातल्या बेसिकमध्ये खऱ्याची किंमत वजा १ असते. ओळ जशीच्या तशी ठेवली तर चूक कुठेच दाखवली जात नाही, फक्त खेळाडू उलट दिशेने पळतो. अधिक-वजा चिन्हांची अदलाबदल करावी लागते.

याच ओळीत दुसरीही अडचण आहे. स्पेक्ट्रमची 'इनकी$' त्या क्षणी कोणती कळ दाबलेली आहे ते पाहते, कितीही वेळा विचारले तरी तेच सांगते. नव्या बेसिकमध्ये ती रांगेत साठलेले अक्षर काढून घेते. पहिल्या कंसाने अक्षर घेतले की दुसऱ्या कंसाच्या हाती काही उरत नाही. म्हणून कळ एकदाच वाचून एका चलात ठेवावी आणि दोन्ही कंसांत तो चल वापरावा.

'अँड' चेही तसेच. स्पेक्ट्रमवर '५ अँड २' चे उत्तर ५, कारण दुसरी संख्या शून्य नसेल तर पहिली जशीच्या तशी परत मिळते. नव्या बेसिकमध्ये दोन्ही संख्यांचे बिट जुळवले जातात आणि उत्तर ० येते.

'नॉट पाय' कशासाठी?

जुन्या प्रोग्रामांत 'लेट ए = नॉट पाय' अशी ओळ दिसली तर गोंधळू नये. ती लिहिणाऱ्याची हुशारी आहे. स्पेक्ट्रम प्रत्येक संख्या अक्षरांत तर साठवतोच, शिवाय तिच्यामागे आणखी सहा बाइट लावतो. त्यामुळे एकटा ० सात बाइट खातो. 'नॉट पाय' चे उत्तरही ०, पण जागा दोनच बाइट. तसेच १ साठी 'एसजीएन पाय', ३ साठी 'इंट पाय', आणि १०० साठी 'व्हॅल "१००"'. आज जागेचा प्रश्न नाही, तेव्हा सरळ आकडे लिहावेत. लिहावेच लागतात: नव्या बेसिकमध्ये 'नॉट पाय' चे उत्तर वजा ४ येते.

स्थानकांची नावे आणि मागच्या रिकाम्या जागा

आता आपला नमुना. स्पेक्ट्रमवर पाच नावांसाठी 'डिम एस$(५,१०)' लिहावे लागते. प्रत्येक नावाला बरोबर दहा अक्षरांची जागा मिळते आणि उरलेली जागा यंत्र स्पेसने भरते. रोमन लिपीत 'दिवा' चार अक्षरांचे, म्हणजे मागे सहा स्पेस. टाइप केलेले चार अक्षरी 'दिवा' आणि साठवलेले दहा अक्षरी 'दिवा' यंत्राच्या लेखी वेगळे. म्हणून मूळ प्रोग्राममध्ये टाइप केलेल्या नावाला स्पेस जोडून ते दहा अक्षरांचे करणारी ओळ असते.

नव्या बेसिकमध्ये नाव हवे तेवढ्या लांबीचे ठेवता येते, स्पेस लागत नाहीत. पण मग ती स्पेस जोडणारी ओळही काढायला हवी, नाहीतर तुलना दुसऱ्या बाजूने फसते. 'एस$(४,१)' म्हणजे चौथ्या नावाचे पहिले अक्षर. नव्या बेसिकमध्ये ते 'लेफ्ट$(एस$(४),१)' होते. 'ए$(२ टू ५)' चे 'मिड$(ए$,२,४)'. इथे शेवटचा आकडा लांबीचा आहे, स्थानाचा नाही.

स्पेस काढल्यावर पडद्यावर आणखी एक परिणाम दिसतो. जुन्या नावावर नवे नाव छापताना मागच्या स्पेस उरलेली अक्षरे पुसून टाकत होत्या. आता आठ अक्षरी 'डोंबिवली' च्या जागी 'दिवा' छापले तर पहिली चार अक्षरे बदलतात आणि शेवटची चार तशीच मागे राहतात. म्हणून साठवताना नाव मोकळे ठेवावे, छापताना मात्र दहा अक्षरांपर्यंत स्पेस भराव्यात.

एकवीस आकृत्यांत मराठी

स्पेक्ट्रमवर देवनागरी नव्हती, पण स्वतःची २१ अक्षरचित्रे तयार करण्याची सोय होती. प्रत्येक चित्र आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच. एका ओळीला एक आकडा, असे आठ आकडे 'पोक' करायचे. आठही ठिपके भरलेली ओळ म्हणजे २५५. शेजारच्या चौकोनांत ती एकाच पातळीवर ठेवली की सलग शिरोरेषा तयार होते. वेलांटीला वर जागा हवी, म्हणून शिरोरेषा तिसऱ्या ओळीवर घ्यावी लागते आणि अक्षराच्या अंगाला पाचच ओळी उरतात. वर्णमाला २१ मध्ये बसत नाही, त्यामुळे प्रोग्रामला लागतील तेवढीच अक्षरे काढायची.

ही चित्रे बीबीसी बेसिकमध्ये आणणे सरळ आहे. 'व्हीडीयू २३' या आज्ञेला अक्षराचा क्रमांक आणि तेच आठ आकडे द्यायचे. पण मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल तर क्रम तपासावा. चित्रांनी लिहिलेल्या 'दिवा' मध्ये डोळ्यांना दिसते तसे आधी पहिली वेलांटी, मग द, मग व, मग काना. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो: आधी द, नंतर त्याची वेलांटी. उच्चाराच्या क्रमाचा हाच नियम १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात होता आणि पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' तंत्रामुळे तो आपल्याकडे रुळला. तेव्हा प्रत्येक पहिली वेलांटी एक घर पुढे सरकवावी.

वेळ आणि पत्ते

'पॉज ५०' म्हणजे एक सेकंद, कारण मोजमाप सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आहे. मधे कळ दाबली तर हा थांबा संपतो. म्हणून बीबीसी बेसिकमध्ये नुसते 'वेट १००' पुरेसे नाही. 'इनकी(१००)' एक सेकंद वाट पाहते आणि कळ दाबताच पुढे जाते. वेळ घालवण्यासाठी रिकामे 'फॉर-नेक्स्ट' फिरवले असेल तर आजचे यंत्र ते क्षणात संपवते. तिथे मूळ प्रोग्राम इम्युलेटरवर चालवून थांब्याची लांबी घड्याळाने मोजावी.

'पोक' आणि 'पीक' मधले पत्ते जुन्या यंत्राचे असतात. त्यांचे भाषांतर होत नाही, हेतू शोधावा लागतो. 'पोक २३६९२,२५५' हे पडदा भरल्यावर येणारा 'स्क्रोल?' हा प्रश्न टाळण्यासाठी. नव्या बेसिकमध्ये ती ओळ काढून टाकली तरी चालते. २३६७२ पासूनचे तीन पत्ते घड्याळाचे, त्यांच्या जागी 'टाइम'. 'यूएसआर' ने मशीन कोड चालवला असेल तर तो भाग काय करतो ते इम्युलेटरवर पाहून नव्याने लिहावा.

पडताळणी

पहिल्या फेरीत प्रोग्राम सुंदर करण्याचा मोह टाळावा. ओळींचे क्रमांक, 'गो टू', एकाक्षरी चल सगळे राहू द्यावे. इम्युलेटरमध्ये मूळ आणि शेजारच्या खिडकीत नवा प्रोग्राम उघडून दोघांना तेच उत्तर टाइप करावे: पहिले स्थानक, शेवटचे स्थानक, चुकीचे नाव, काहीच न लिहिता एंटर. अपूर्णांकांत शेवटच्या आकड्यांत फरक पडेल. स्पेक्ट्रम आठच अंक दाखवतो, ती चूक नव्हे. बाकी सगळे जुळले की 'गो टू' च्या जागी प्रोसिजर आणाव्यात आणि प्रत्येक बदलानंतर तीच उत्तरे पुन्हा टाइप करावीत. नव्या फाइलच्या सुरुवातीला 'रेम' ओळींमध्ये मूळ लिहिणाऱ्याचे नाव, यंत्र, कॅसेटवरची तारीख आणि आपण काय बदलले ते नोंदवावे, आणि ध्वनिफाइल, टेप-फाइल व नवा प्रोग्राम हे तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करावी.