चढाईचा मागचा पाय

लोअर परळला राहणारी आणि परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी पायांना वजनं बांधून सराव करायची. परीक्षा जवळ आली की पहाटे चारला उठायची. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवणारी. तिला आधी ओढ होती क्रिकेटची, पण ते घराला परवडणारं नव्हतं. कॉलेजात ती कबड्डीकडे वळली आणि शिवशक्ती महिला संघात राजेश पाडावे यांच्या हाताखाली घडली. तिचं नाव सोनाली शिंगटे. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ती होती. ऑक्टोबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत चायनीज तैपेईचा २६-२५ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही होती.

मला कुतूहल आहे ते त्या पायांना बांधलेल्या वजनांचं. धावपटूनं पाय बळकट करावेत हे समजतं. पण चढाईला जाणारी खेळाडू धावते किती? पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचं १२ बाय ८. म्हणजे मध्यरेषा ओलांडल्यावर पुढे फार तर सहा-साडेसहा मीटर. लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीचा व्हरांडा याहून लांब असतो. एवढ्याशा जागेत सात जण वाट बघत उभे आणि त्यांच्यात शिरायचं एकटीनं. तिथे पायाचं काम धावण्याचं कमी आणि मागे खेचून घेण्याचं जास्त असतं. पुढे टाकलेला पाय पकडणाऱ्याच्या हाताआधी परत आला पाहिजे. तो परत येतो मांडीच्या वरच्या भागातल्या आणि पोटाच्या स्नायूंच्या जोरावर. सोनालीच्या सरावात पायांइतकाच भर पोटाच्या स्नायूंवरही होता, याचं कारण इथे सापडतं.

जगातल्या बहुतेक खेळांत आक्रमण म्हणजे काहीतरी पुढे पाठवणं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये संघाला बास्केटवर चेंडू टाकायला ३० सेकंद मिळतात. चेंडू हातातून सुटला की टाकणाऱ्याचं काम संपलं, तो मागे जमिनीवर पडला तरी गुण मिळतो. कबड्डीतही चढाईला ३० सेकंदच असतात, पण इथे पुढे पाठवायला चेंडू नाही. स्वतःचं शरीर पाठवायचं आणि तेच परत आणायचं. समोरच्या गड्याला हात लागला म्हणून गुण मिळत नाही. हात लावून मध्यरेषेपर्यंत परत आलात तर मिळतो. वाटेत पकड झाली तर गुण समोरच्यांचा, शिवाय आपण बाहेर. कबड्डीतलं आक्रमण असं परतीवर मोजलं जातं, आणि थोर चढाईपटूची प्रत्येक हालचाल परतीच्या हिशेबानं बेतलेली असते.

हा हिशेब मीटरमध्ये मांडून बघितला की थक्क व्हायला होतं. पुरुषांच्या मैदानात निदानरेषा, म्हणजे चढाईत निदान जी ओलांडलीच पाहिजे ती रेषा, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे आणखी एक मीटरवर. म्हणजे बोनसचा जादा गुण घ्यायला गेलेला खेळाडू घरापासून ४.७५ मीटर दूर असतो. समोर किमान सहा गडी असतील तरच बोनस मिळतो, आणि अट अशी की पुढचा पाय त्या रेषेपलीकडे टेकलेला असताना मागचा पाय हवेत हवा. शत्रूच्या गोटात अगदी आत, एका पायावर! तिथून वळून परत यायला चपळ माणसालाही सेकंदाहून अधिक वेळ लागतो. डोळ्यांनी हालचाल टिपून शरीर हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. मग चढाईपटू सुटतो कसा?

एक उत्तर त्याच्या उंचीत दडलेलं आहे. पावणेसहा फुटांच्या माणसानं हात डोक्यावर ताणला तर टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत साधारण सव्वादोन मीटर भरतात. मध्यरेषेला नुसतं बोट टेकलं तरी परत आल्यात जमा. म्हणजे मध्यरेषेपासून दोन मीटरवर कुणी घोटा पकडला आणि चढाईपटू रेषेच्या दिशेनं सूर मारून आडवा पडला, तर तो घरी पोहोचलेलाच असतो. शिवाय ज्यानं पाय धरला तोही बाद आणि त्याच्या मदतीला धावून अंगावर पडलेले सगळेही. परतीचे ४.७५ मीटर असे प्रत्यक्षात अडीच मीटरच उरतात. म्हणूनच कसलेला कोपरारक्षक घोटा धरून थांबत नाही, तो पाय आपल्याकडे ओढत उचलतो, कारण त्याला ते सव्वादोन मीटर मोडून काढायचे असतात. मैदानावर मला सगळ्यात सुंदर वाटतो तो हाच क्षण: पाच जण पाठीवर, आणि धुळीत एक हात रेषेकडे सरकतो आहे.

पण पकड होऊच नये ही खरी हुशारी, आणि तिथे खेळ पायांकडून मेंदूकडे जातो. मेंदूला एका इशाऱ्याला उत्तर देताना लगेच आलेल्या दुसऱ्या इशाऱ्याचं काम हाती घेता येत नाही. पहिलं उत्तर पुरं होईपर्यंत दुसरं ताटकळतं. मानसशास्त्रज्ञांनी हा विलंब प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा मोजला आहे. चढाईपटू नेमका या फटीत शिरतो. तो डाव्या कोपऱ्याकडे खांदा झुकवतो. कोपरारक्षकाचं शरीर उत्तर द्यायला निघतं, वजन एका पायावर जातं. त्याच वेळी चढाईपटूचा पाय दुसऱ्या बाजूला सुटलेला असतो. रक्षकाला हूल कळलेली असते, पण शरीर अजून आधीच्याच हुकुमाची तामिली करत असतं. हूल खरी वाटावी म्हणून ती अर्ध्या मनानं देऊन चालत नाही. खांदा, नजर, कंबर सगळं खोट्या दिशेला जायला हवं, फक्त वजन जायला नको. ते मागच्या पायावर थांबलेलं असतं. पुढचा पाय हलका, मोकळा, केव्हाही परत घेता येईल असा. ज्याचं वजन पुढच्या पायावर गेलं त्याचा तो पाय जमिनीत रुतला, आणि रुतलेल्या पायाचीच कोपरारक्षक वाट बघत असतो.

यात साखळीमुळे आणखी एक गंमत घडते. बचाव करणारे शेजारी शेजारी हात धरून उभे राहतात. एकाचा जोर दुसऱ्याला मिळावा हा हेतू, आणि पकड झाली की तो मिळतोही. पण हात गुंतलेले असल्यामुळे एक जण हुलीला फसून पुढे झुकला की दुसऱ्याचाही तोल त्याच्याबरोबर जातो. चढाईपटूनं फसवलेलं असतं एकाला, जागचे हलतात दोघं, आणि साखळीच्या पलीकडच्या टोकाला वावभर मोकळी जागा तयार होते. अव्वल चढाईपटू समोरच्या गड्यांकडे एकेकटे म्हणून बघतच नाही. कुणाचा हात कुणाच्या हातात आहे हे त्याला आधी दिसतं.

आणि हे सगळं तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ चालू ठेवून! दम एकाच श्वासात, न तुटता, स्पष्ट ऐकू येईल असा घ्यायचा, असं नियम सांगतो. उच्चार करत राहायचं म्हणजे हवा हळूहळू सोडत राहायचं. ती कमी पडू लागते तसा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू श्वास घे म्हणून टाहो फोडतो. त्या घालमेलीत निर्णय घ्यायचा: आता हात मारू, की परत फिरू? जुने प्रशिक्षक दमाला इतकं महत्त्व का देत, ते यावरून उमगतं. छातीत हवा असेल तरच डोकं थंड राहतं.

या थंड डोक्याचं उदाहरण म्हणून मला हरियाणाचा अनुप कुमार आठवतो. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हा तो यू मुंबाचा कर्णधार होता. परळ-लालबागच्या, म्हणजे गिरणगावच्या, उंबरठ्यावर झालेल्या त्या सामन्यात कबड्डी झगमगाटात आली खरी, पण अनुपचा खेळ मात्र जुन्या वळणाचा होता. तो घाई करायचा नाही. मिळेल तो बोनस, मिळेल तो पायाचा निसटता स्पर्श, आणि काहीच मिळालं नाही तर रिकाम्या हातानं शांतपणे परत. रिकामी चढाई म्हणजे अपयश, असं नवख्या प्रेक्षकाला वाटतं. माझं मत उलट आहे. कधी गुण सोडून द्यायचा हे कळणं ही चढाईतली सगळ्यात उशिरा येणारी विद्या आहे.

सगळे थोर चढाईपटू एकाच साच्याचे नसतात. परदीप नरवालची डुबकी प्रसिद्ध आहे. साखळीतले हात छातीच्या उंचीवर जुळलेले असतात आणि तो त्यांच्या खालून, जवळजवळ जमिनीला समांतर निसटतो. २०१७च्या प्रो कबड्डी मोसमात त्यानं चढायांतून ३६९ गुण मिळवले. त्याच मोसमात मुंबईच्या रिशांक देवाडिगानं एका सामन्यात २८ गुण घेतले, तो तेव्हाचा विक्रम होता. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१८मध्ये हैदराबादला, रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असं हरवून ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीकडचा सिद्धार्थ देसाई आणखी निराळा. तो दांडगा, लांब हातांचा, धावत येऊन हात मारणारा. २०१८ साली यू मुंबाकडून पहिल्याच मोसमात त्यानं चढायांचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. एक खालून जातो, एक काठावरून टिपतो, एक अंगावर चालून येतो. तिघांत समान काय? हात किंवा पाय लागला त्या क्षणी तिघांचंही शरीर परतीच्या दिशेला निघालेलं असतं.

हे शहाणपण गिरणगावात इतकं का रुजलं? कोकणातून आणि घाटावरून मुंबईला आलेल्या माणसांनी हुतूतू बरोबर आणला होता. परळ-लालबागमध्ये त्याला हवी तेवढी जागा मिळाली, कारण त्याला हवीच होती थोडी. ना बॅट, ना जाळी, ना बूट. पहिली पाळी सुटली की संध्याकाळी चाळींमधल्या मातीवर चुन्याच्या रेषा पडायच्या. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते, चांगला खेळणाऱ्याला नोकरी मिळायची. दादरचं अमर हिंद मंडळ, विजय क्लब यांसारख्या संस्थांनी पिढ्यान् पिढ्या खेळाडू तयार केले. बुवा साळवींसारख्या माणसानं सगळं आयुष्य या खेळाच्या संघटनेला दिलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर गिरण्यांचे संघही गेले, आणि खेळाडूंच्या नोकऱ्या रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या यांच्याकडे सरकल्या. सोनालीलाही नोकरी मिळाली ती पश्चिम रेल्वेत. मातीची जागा मॅटनं घेतली आणि त्यानं चढाईही बदलली. मातीवर अनवाणी पाय घसरतो, म्हणून वळताना थोडं थांबावं लागे. मॅटवर बूट धरून ठेवतो, त्यामुळे हूल अधिक वेगानं देता येते आणि रक्षकाची झडपही तितकीच वेगवान झाली. या बदलात गिरणगावच्या मुलांनी मागे पडू नये, मॅट त्यांच्या गल्लीपर्यंत पोहोचावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रो कबड्डीत आणि आता इतर मोठ्या स्पर्धांतही एक नियम असा आहे की संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. वर सांगितलेला सगळा संयम या तिसऱ्या चढाईत निरुपयोगी ठरतो. समोरच्या सातही जणांना पक्कं ठाऊक असतं की आता हा रिकामा परतणार नाही, त्यामुळे ते मागे सरकून त्याला खोल ओढतात. तरीही हूल चालवायची असते. प्रभादेवीच्या किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्याच्या मैदानात सामना बघायला बसलात तर अशा वेळी चढाईपटूच्या हातांकडे बघू नका, हात खोटं बोलतात. मागच्या पायाकडे बघा. घरी जायचं तर तो मध्यरेषेकडे वळावाच लागतो. कोपऱ्यात दबा धरून बसलेला रक्षकही तिकडेच बघत असतो, आणि चढाईपटूला हे माहीत असतं, म्हणून कधी कधी तो पायसुद्धा खोटाच वळवतो.