बघणारं कुणी नसताना

ब्रिटनमधल्या सुपरमार्केटात आपणच माल स्कॅन करायचा, आपणच पिशवीत भरायचा आणि कार्ड टेकवून बाहेर पडायचं, हे आता अंगवळणी पडलं आहे. कॅशिअर समोर मोकळा बसलेला असतानाही अनेकांची पावलं यंत्राकडेच वळतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: लवकर होतं. ते बहुधा खरं नसतं. सराईत कॅशिअरचा हात आपल्याहून कितीतरी चपळ चालतो. यंत्रावर सुटी भाजी यादीत शोधावी लागते, पिशवीखालचा वजनकाटा अडला की मदतनिसाची वाट बघावी लागते. हात गुंतलेले असल्यामुळे तो वेळ जाणवत नाही, एवढंच.

खरं आकर्षण मला वाटतं ते नजरेपासून सुटकेचं. त्याचा चांगला पुरावा स्वीडनमध्ये आहे. तिथे दारूची दुकानं सिस्टेमबोलागेट ही सरकारी कंपनी चालवते. पूर्वी गिऱ्हाइकाला काउंटरवर जाऊन बाटलीचं नाव सांगावं लागे. १९९०च्या दशकात काही दुकानांत बाटल्या उघड्या फडताळांवर आल्या. अवी गोल्डफार्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की, ज्यांची नावं उच्चारायला अवघड, अशा पेयांचा विक्रीतला वाटा या बदलानंतर वाढला. लोकांना ती हवी होतीच. चारचौघांत नाव चुकेल म्हणून ते मागत नव्हते. याच अभ्यासात पिझ्झाच्या ऑर्डरीही तपासल्या होत्या. ऑनलाइन मागवताना लोकांच्या फर्माइशी वाढत होत्या आणि उष्मांकही. परक्या देशात नव्याने गेलेल्या, उच्चारांच्या धास्तीने बोलणं टाळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुकानदारांचा हेतू मात्र पहिल्यापासून पगार वाचवण्याचा. क्लॅरेन्स साँडर्सने १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसला ‘पिगली विगली’ हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली, तीही खर्च कमी करायलाच. गिऱ्हाइकाला मिळालेला एकांत हा वरचा लाभ.

तो सगळ्यांनाच हवा असतो असं नाही. नेदरलँड्समधल्या ‘युम्बो’ या साखळीने २०१९ पासून निवांत गप्पा मारता येतील अशी काउंटरं सुरू केली. एकट्या पडलेल्या वृद्धांना त्यांचा आधार वाटतो. इंग्लंडच्या ‘बूथ्स’ने २०२३ मध्ये बहुतेक दुकानांतून स्वतः स्कॅन करायची यंत्रं काढून टाकली. गप्पांची ही ओढ आणि यंत्राची ओढ मला परस्परविरोधी वाटत नाही. आज बोलायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं. माणसं कामावरून काढून फक्त यंत्रं ठेवणं म्हणूनच मला पटत नाही.

आपल्याकडे या नजरेचा काच सगळ्यांत जास्त जाणवतो तो मेडिकलच्या दुकानात. सॅनिटरी पॅड अजूनही कागदात नाहीतर काळ्या पिशवीत गुंडाळून मिळतात. निरोध मागायचा तर गर्दी पांगेपर्यंत तरुण बाजूला उभे राहतात, आणि काही तसेच परत जातात. त्यातून होणारं नुकसान आरोग्याचं आहे. इथे महागड्या यंत्राची गरजही नाही. मेडिकल दुकानदारांना माझी एकच विनंती आहे: या वस्तू काउंटरच्या बाहेर, गिऱ्हाइकाचा हात पोहोचेल अशा फडताळावर ठेवा, आणि बिल करताना एक शब्दही विचारू नका.