नॉर्वेचा ब्राँझ संघ

७ ऑगस्ट १९३६. बर्लिनच्या पोस्टस्टेडियनमध्ये ऑलिम्पिक फुटबॉलची उपांत्यपूर्व लढत सुरू होती. यजमान जर्मनीने आधीच्या सामन्यात लक्झेंबर्गला ९-० असं लोळवलं होतं. आता नॉर्वेवरचा विजय डोळ्यांदेखत पाहावा म्हणून हिटलर स्वतः हजर होता, सोबत गोबेल्स. पण पहिल्या दहा मिनिटांतच माग्नार इसाक्सेनने जर्मनीच्या जाळ्यात चेंडू धाडला आणि सामना संपत आला तेव्हा दुसरा गोलही त्यानेच केला. नॉर्वे २, जर्मनी ०. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत हिटलर थांबला नाही.

याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. ध्यानचंद यांचं हॉकीतलं सुवर्णही तिथलंच. त्यामुळे ते बर्लिन आपल्याला ऐकून माहीत असतं, नॉर्वेचा हा पराक्रम मात्र सहसा कानावर आलेला नसतो.

त्या वेळी नॉर्वेची लोकसंख्या ३० लाखांच्या आत होती. खेळाडू सगळे हौशी, नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे. कडाक्याच्या थंडीमुळे हंगाम वसंत ते शरद एवढाच. देशव्यापी लीग नव्हती. १९०२ पासून चालत आलेला चषकच राष्ट्रीय विजेता ठरवी आणि त्यात एक पराभव झाला की संघ बाद. उत्तर नॉर्वेच्या क्लबांना तर या चषकात थेट १९६३ मध्ये प्रवेश मिळाला. कामगार चळवळीने १९२४ मध्ये स्वतःची वेगळी क्रीडा संघटना काढल्यामुळे खेळाडूही दोन गटांत विभागलेले होते.

असं असताना संघ इतका भक्कम झाला, त्यात मोठा वाटा आस्ब्यर्न हाल्वोर्सेन यांचा. सार्प्सबोर्गचा हा खेळाडू १९२१ मध्ये हॅम्बुर्गला गेला आणि तिथे बारा वर्षं मध्यभागी खेळला. १९२३ आणि १९२८ मध्ये हॅम्बुर्ग जर्मन विजेता ठरला, त्या संघांत तो होता. नाझी सत्तेवर आल्यावर तो मायदेशी परतला आणि राष्ट्रीय संघाची सूत्रं त्याच्याकडे आली. जर्मन फुटबॉल त्याने आतून पाहिलं होतं. जर्मनीने त्या दिवशी काही प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली हे खरं, पण त्या चुकीचा फायदा उठवायलाही तयारीचा संघ लागतो. गोल करण्यात पटाईत असलेला कर्णधार यर्गन युवे बर्लिनमध्ये बचावाच्या मध्यभागी उभा राहिला. संघाची गरज आधी, ही शिस्त त्यातून दिसते.

उपांत्य फेरीत इटलीने नॉर्वेला जादा वेळेत २-१ असं हरवलं आणि पुढे सुवर्णही जिंकलं. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पोलंडविरुद्ध आर्ने ब्रुस्तादने तीन गोल केले. ३-२ असा विजय मिळाला आणि हा संघ कायमचा ‘ब्राँझ संघ’ झाला. १९३७-३८ मध्ये नॉर्वेत पहिली राष्ट्रीय लीगही सुरू झाली. ती फ्रेड्रिकस्टाड क्लबने जिंकली. १९३८ च्या विश्वचषकात मार्सेलला पुन्हा इटलीच समोर आली. तिथेही जादा वेळ, तिथेही २-१. तो विश्वचषक इटलीनेच जिंकला. दोन्ही वेळा अखेरीस विजेत्या ठरलेल्या संघाला नव्वद मिनिटांत नॉर्वेवर मात करता आली नाही.

१९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे बळकावला, तेव्हा नाझींच्या ताब्यातल्या क्रीडा संघटनेवर खेळाडूंनी बहिष्कार घातला. फुटबॉल संघटनेचे सरचिटणीस हाल्वोर्सेन यांना १९४२ मध्ये अटक झाली. नॉर्वेतल्या ग्रीनी छावणीतून त्यांची रवानगी जर्मन छळछावण्यांत झाली. पोलिसात असलेला ब्राँझ संघाचा रायदार क्वामेन हाही छावणीत गेला. हाल्वोर्सेन १९४५ मध्ये परतले, संघटनेचं काम पुन्हा हाती घेतलं आणि १९५५ मध्ये वारले.

युवेचा ३३ आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम २०२४ मध्ये अर्लिंग हालांडने मोडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण हौशी खेळाडूंच्या छोट्या देशाला ऑलिम्पिकमधल्या पहिल्या तिनांत नेणाऱ्या आणि खेळातलं स्वातंत्र्य जपण्यासाठी तुरुंग पत्करणाऱ्या हाल्वोर्सेन यांचं नाव फुटबॉलप्रेमींनी हालांडच्या नावाइतकंच आवर्जून घ्यायला हवं.