चार आमदार बरोबर एक खासदार

रेडमंड, वॉशिंग्टन राज्य

"काय वो पोरी, झालं का तुमच्या तिकडचं मतदान? किती फुटले?"

17 डिसेंबर 2024. इकडे संध्याकाळ आणि रिपरिप पाऊस, तिकडे आर्वीत काकांची दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी म्हटलं, "एकही नाही, काका. 538 पैकी 538 जागच्या जागी. ट्रम्प 312, हॅरिस 226."

थोडा वेळ फोनवर नुसता कोंबडा ऐकू आला. मग काका म्हणाले, "एकही नाई? मंग हाटेलात कोंडून ठेवलं होतं काय सगळ्याइले?"

वर्ध्याकडच्या माणसाला वाटतं, अमेरिकेत लोक राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात. इथे येऊन नागरिक होईपर्यंत मलाही तसंच वाटायचं. या राज्यात मतपत्रिका पोस्टाने घरी येते. जेवणाच्या टेबलावर बसून गोळे काळे करायचे, पाकिटावर सही करायची आणि वाचनालयाबाहेरच्या लोखंडी पेटीत टाकून यायचं. शाई नाही, रांग नाही, रांगेतली चहाडी नाही. मतदान केल्यासारखंच वाटत नाही. 2016 ला मी क्लिंटनबाईंच्या नावापुढचा गोळा रंगवला. खरं तर मी त्यांना मत दिलंच नव्हतं. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या त्या 538 पैकी आमच्या राज्यात पक्षाने नेमलेल्या बारा माणसांना दिलं होतं, आणि त्यांची नावं मतपत्रिकेवर नव्हती. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना विचारलं, आपले हे बारा कोण? "असतील पक्षातले कुणीतरी," म्हणाल्या आणि कुत्र्याला फिरवायला गेल्या. आपल्याकडे मत न देणाऱ्यालाही आमदाराच्या साळ्याचा पेट्रोल पंप कुठे आहे ते ठाऊक असतं.

त्या बारा जणांनी 19 डिसेंबर 2016 ला ऑलिंपियात, म्हणजे या राज्याच्या राजधानीत, गंमत केली. राज्य क्लिंटननी जिंकलेलं. आठ जणांनी त्यांचंच नाव लिहिलं. तिघांनी लिहिलं कॉलिन पॉवेल, जे रिपब्लिकन पक्षाचे आणि उमेदवारही नव्हते. चौथ्याने फेथ स्पॉटेड ईगल या आदिवासी आजींचं नाव लिहिलं. या चौघांत एक मुलगी जेमतेम एकोणीस वर्षांची होती. देशभरात क्लिंटनना ट्रम्पपेक्षा 28 लाखांवर मतं जास्त पडली होती, तरी त्या हरलेल्या. आपण आपलं मत सोडलं तर रिपब्लिकनांचेही तीसचाळीस जण ट्रम्पना सोडतील आणि तिसऱ्याच कुणावर तडजोड होईल, असा हिशेब होता. तिकडून फुटले दोन, टेक्सासचे. हिशेब आपल्याकडच्या अपक्षांच्या आघाडीइतकाच पक्का.

ही सगळी कथा तेव्हाच काकांना सांगितली होती. त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती घेतले?"

"घेतले नाहीत काका, भरले. राज्याने प्रत्येकी हजार डॉलर दंड केला."

आवाज तुटतोय असं समजून त्यांनी मला ते तीनदा म्हणायला लावलं.

दंडाचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 6 जुलै 2020 ला सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, राज्याला असा दंड करता येतो. निकालपत्र एलेना केगन यांचं. तोवर आमच्या राज्याने कायदाच बदलला होता: वेगळं नाव लिहिलं की त्याची जागा रिकामी झाली असं समजायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. या पद्धतीची बाजू मांडणाऱ्या हॅमिल्टनची कल्पना अशी की, चार शहाणी माणसं एकत्र बसतील आणि विचार करून निवड करतील. दोनशे तीस वर्षांनी त्यातला विचार काढून टाकला, माणसं तेवढी ठेवली. आणि माणूस म्हटला की चुकतोही: 2004 ला मिनेसोटातल्या एकाने राष्ट्राध्यक्षाच्या जागी 'जॉन एवर्ड्स' असं लिहून ठेवलं. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव, भलत्या जागी आणि तेही चुकीचं.

आता आपलं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत देतात आमदार आणि खासदार. 2022 ला महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य होतं 175, खासदाराच्या मताचं 700. आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा असे आपल्या जिल्ह्याचे चार आमदार. चार गुणिले 175, बरोबर सातशे. अख्खा वर्धा जिल्हा मिळून एक खासदार! आणि ते 175 सुद्धा 1971 च्या जनगणनेवर. म्हणजे माझ्या जन्माआधीची माणसं मोजून.

पण खरी मजा पुढे आहे. या मतदानाला व्हीप लागत नाही आणि मत गुप्त असतं. आमदाराला गुलाबी कागद, खासदाराला हिरवा, पेनसुद्धा आयोगाचं. पक्षाविरुद्ध मत दिलं तर दंड सोडा, कुणाला कळतही नाही. 1969 ला इंदिराबाईंनी 'अंतरात्म्याचा आवाज' ऐकायला सांगितला आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले, गिरी निवडून आले. वर्षअखेरीस काँग्रेसही फुटली. आतल्या आवाजाचं माहेर सेवाग्राम, आमच्या घरापासून सायकलने पाऊण तास. तिथल्या म्हाताऱ्याला तो ऐकू आला की ते सगळ्यांना सांगून स्वतः उपाशी बसत. आमदारांना ऐकू येतो तो बंद खोलीत.

शिवसेनेचं मला कौतुक वाटतं ते एवढ्याचसाठी: 2007 ला भाजपबरोबर असून त्यांनी उघड सांगून प्रतिभाताईंना मतं दिली, 2022 ला उद्धव ठाकऱ्यांच्या सेनेने काँग्रेसबरोबर असून मुर्मूंना. मात्र त्याच्याच महिनाभर आधी, 20 जूनला, विधान परिषदेच्या गुप्त मतदानात मतं फुटली आणि त्या रात्रीच सेनेचे काही आमदार सुरतेला निघाले. राज्यसभेला मात्र कायदा वेगळा. तिथे 2003 पासून आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकायची. एकाच माणसाचा अंतरात्मा एका निवडणुकीत पूज्य आणि दुसरीत संशयित!

आमच्या गल्लीत एक नगरसेवक राहायचे. विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागेचं मतदान आलं की ते 'सहलीला' जात. एकदा महाबळेश्वरहून परतताना घरोघर जॅमची बाटली घेऊन आले. आईने ती घेतली, मला पोळीवर लावूनही दिलं आणि म्हणाली, "खा. तुझ्या बाबांचं मत आहे त्यात."

मला विचाराल तर ऑलिंपियातल्या चौघांना तसं नाव लिहायचा हक्क नव्हता. त्यांना निवडलं कुणी? मी तर त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. माझ्या मतावर त्यांनी आपली अक्कल चालवायची, हे काही पटत नाही. आपल्या आमदाराला मात्र तो हक्क आहे, कारण त्याला मी वर्ध्याच्या बजाज चौकात गाठून विचारू शकते. आणि तरीही मत्सर वाटतो तो त्या चौघांचा. चुकले असतील, पण सगळ्यांसमोर सही करून चुकले आणि त्यातले तिघे पुढे कोर्टात त्यासाठी भांडले.

हे सगळं मी काकांना परवा ऐकवलं. त्यांना फक्त एवढंच पटेना: "मंग तो माणूस ठेवला कायले? सांगितलं तेच लिहाचं असन तर आमचा कोतवाल काय वाईट होता? दवंडी तरी द्यायचा."

मी म्हटलं, निदान कुणी कुणाचं नाव लिहिलं ते इथे कळतं.

"बरं," काका म्हणाले, "मंग सांग, दोन हजार बावीसले आपल्या चौघाइनं कोणाले देल्लं?"

मला सांगता आलं नाही. पक्षावरून अंदाज करता येतो, एवढंच.

"मले बी नाई माहीत," ते म्हणाले. मग कापसाला भाव नाही, वेचायला बाया मिळत नाहीत, आणि मी यंदा हुरड्याला येणार की नाही, यावर आम्ही अर्धा तास बोललो.